शरद ऋतूतलं वर्केशन: राहायची जागा निवडताना आधी उजेडाचा हिशोब, मग रूम

लॅपटॉप सोबत घेऊन, काम चालू ठेवून फिरायला जायचं, म्हणजे वर्केशनला, ठरलं की बहुतेक जण सगळ्यात आधी बुकिंगची साइट उघडतात, तारखा टाकतात आणि फोटो बघत बसतात. खिडकीबाहेर लाल-पिवळी झाडं, आत लाकडी टेबल, टेबलावर लॅपटॉप, असा फोटो दिसला की झालं, मन तिथंच अडकतं. माझंही असंच अडकलं होतं आणि मी ऑक्टोबरच्या शेवटी दहा दिवसांसाठी गावाबाहेरचं, जंगलाला लागून असलेलं एक छोटं घर घेतलं. घर खरंच सुंदर होतं, तक्रारीला जागाच नव्हती. पण माझं काम सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, आणि दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं की लॅपटॉप बंद करून बूट घालून दारात येईपर्यंत बाहेर मिट्ट काळोख झालेला असतो, पायवाटेवर एकही दिवा नाही, गावात जायचं तर बसनं चाळीस मिनिटं. सोमवार ते शुक्रवार ती झाडं मी फक्त काचेतून बघितली. ज्याच्यासाठी एवढ्या लांब गेले तेच हातातून निसटलं आणि चूक घराची नव्हती, मी जागा चुकीच्या क्रमानं निवडली होती.

तेव्हापासून मी रूम सगळ्यात शेवटी बघते. आधी बघते की त्या जागी, त्या आठवड्यात, माझ्या कामाच्या वेळा वगळून दिवसाचा किती उजेड माझ्या पदरात पडणार आहे. उन्हाळ्यात हा हिशोब करायची गरजच नसते, कारण काम संपल्यावरही तीन-चार तास उजेड असतो. शरद ऋतूत तसं नाही, आणि हा एक फरक जागेबद्दलचे बाकी सगळे निर्णय बदलून टाकतो.

पायरी १: कागदावर उजेडाचा तक्ता काढा

अॅप नको, कागदच घ्या. चोवीस तासांच्या चोवीस ओळी. जिथं जाणार तिथली सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ शोधा, पण आजची नाही, तुम्ही तिथं असाल त्या आठवड्याची. मग तुमच्या कामाचे तास तिथल्या वेळेत बदलून त्याच कागदावर मारा. जे उजेडाचे तास मोकळे राहतील त्यांना गोल करा. तुमची ट्रिप म्हणजे तेवढाच गोल केलेला भाग, बाकीचा वेळ तुम्ही जगात कुठंही असलात तरी खोलीतच असणार.

वेळा शोधताना अंदाजानं जाऊ नका. २२-२३ सप्टेंबरला सगळीकडे दिवस-रात्र जवळपास सारखे असतात, पण त्यानंतर लंडन-प्राग या पट्ट्यात दिवस रोज साधारण साडेतीन-चार मिनिटांनी आखडत जातो, म्हणजे महिन्याभरात पावणेदोन-दोन तास गेले. शिवाय नुसतं उत्तर-दक्षिण बघूनही भागत नाही, त्या देशाचं घड्याळ कसं लावलंय त्यावरही बरंच ठरतं. टोकियो माद्रिदपेक्षा दक्षिणेला आहे, तरी नोव्हेंबरच्या शेवटी टोकियोत साडेचारलाच सूर्य मावळतो आणि माद्रिदमध्ये पावणेसहा होऊन जातात. पानांचे रंग बघायला म्हणून नोव्हेंबरमध्ये जपानला जाणाऱ्यांना हा साडेचारचा अंधार हमखास अनपेक्षित असतो. दक्षिण गोलार्धात जाणार असाल तर शरद म्हणजे मार्च ते मे, हिशोब तोच, महिने तेवढे बदलायचे.

आता घड्याळ मागे करण्याचा प्रकार, म्हणजे उन्हाळ्यासाठी एक तास पुढे केलेलं घड्याळ परत जागेवर आणणं. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या त्या काळात लंडन-न्यूयॉर्कचा नेहमीचा पाच तासांचा फरक चार तासांचा होतो. तुम्ही लिस्बनला बसून न्यूयॉर्कच्या टीमसोबत काम करत असाल तर रोज दोनला सुरू होणारा दिवस त्या आठवड्यात एक वाजताच सुरू होतो. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात आणि न्यूझीलंडला हाच बदल एप्रिलच्या पहिल्या रविवारी होतो. तुमच्या तारखा या बदलावरून जात असतील तर दोन तक्ते काढा, आधीचा वेगळा, नंतरचा वेगळा. तुमची टीम ज्या देशात आहे तिथं घड्याळ बदलतच नसेल तरीसुद्धा काढा, कारण तुम्ही जिथं आहात तिथं बदलेल.

तक्ता झाला की तुम्ही तीनपैकी एका गटात पडता. पहिला गट, काम आणि उजेड एकाच वेळी, म्हणजे टीम त्याच टाइम झोनमध्ये, मोकळा उजेड फक्त सकाळी थोडा आणि जेवणाच्या सुट्टीत. दुसरा गट, सकाळ मोकळी, जसं वरचं लिस्बन-न्यूयॉर्कचं उदाहरण, दुपारी दोनपर्यंत वेळ तुमचा आणि मग रात्री दहापर्यंत काम. तिसरा गट, पूर्ण दिवस मोकळा आणि काम रात्री, जसं नोव्हेंबरमध्ये टोकियोत बसून लंडनच्या नऊ ते पाचमध्ये काम करणं, म्हणजे तिथली संध्याकाळी सहा ते रात्री दोन. या तिन्ही गटांना लागणारी जागा पूर्ण वेगळी असते, त्यामुळे "वर्केशनसाठी बेस्ट ठिकाणं" टाइपच्या याद्या वाचताना ती यादी कुठल्या गटासाठी आहे हे स्वतःला आधी विचारा.

पायरी २: एरिया ठरवा, आणि तो गटानुसारच ठरवा

पहिल्या गटात असाल तर माझं ठाम मत आहे की लांबचं निसर्गरम्य घर घेऊ नका. वीकडेला तुमच्या हातात एक-सव्वा तास उजेड आहे, तो बसमध्ये जाता कामा नये. दारातून निघून दहा-पंधरा मिनिटांत चालत पोचाल असं काहीतरी हवं, नदीकाठ, मोठी बाग, जुनी पेठ, तळं, काहीही. मॅपवर त्या बागेवर बोट ठेवा आणि तिथून उलटं घर शोधत या. आणि ते लांबचं जंगलातलं घर शनिवार-रविवारसाठी ठेवा, दोनच रात्री, लॅपटॉप न उघडता. एकाच ट्रिपमध्ये दोन जागा घेतल्या तर सामान हलवायचा त्रास होतो, मान्य, पण पाच दिवस खिडकीतून झाडं बघण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

दुसऱ्या गटाला स्टेशनच्या किंवा बस डेपोच्या जवळची जागा सोन्यासारखी. सकाळी निघायचं, अर्ध्या दिवसात काहीतरी बघायचं, परत यायचं. इथं नियम एकच, परतीची गाडी पहिल्या कॉलच्या किमान तासभर आधी पोचणारी धरायची आणि त्यानंतर अजून एक गाडी असेल तरच त्या ठिकाणी जायचं, नाहीतर सगळी सकाळ जीव टांगणीला लागतो. स्टेशनजवळ म्हणजे अगदी समोर नको, कारण तुमचं काम संध्याकाळी आहे आणि गर्दीही संध्याकाळीच असते. दोन गल्ल्या आत.

तिसऱ्या गटानं एरियापेक्षा शांतता आणि झोप बघावी. रात्री दोनला काम संपलं तर सकाळी नऊ-दहापर्यंत झोप हवी, म्हणजे जाड पडदे हवेत, खाली बांधकाम नको, शेजारी शाळेचं मैदान नको. सोबत कोणी असेल आणि ती व्यक्ती रात्री अकराला झोपत असेल तर एका खोलीचा विचारच सोडा, दार बंद होणारी दुसरी खोली लागतेच, पडदा किंवा कपाटाचं पार्टिशन चालत नाही. आणि रात्री बाराला भूक लागल्यावर काय, हे आधी बघा. जिथं सगळं आठला बंद होतं तिथं निदान छोटा फ्रिज आणि केटल हवी.

पानांच्या रंगासाठी जाणाऱ्यांना अजून एक सांगते. उत्तर गोलार्धात रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकतो आणि डोंगरावरून खाली उतरत येतो. जपानमध्ये उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाच्या डोंगरांत सप्टेंबरमध्येच सुरू होतो आणि क्योतोला ऐन भर नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतो. कुठल्या वर्षी किती लवकर-उशिरा होईल हे तिकीट काढताना कोणालाच सांगता येत नाही. म्हणून डोंगराच्या टोकावरचं किंवा अगदी पायथ्याचं घर घेण्यापेक्षा मधल्या उंचीवरचं गाव घ्या, जिथून वरही जाता येतं आणि खालीही. रंग लवकर आला तर खाली उतरायचं, उशिरा आला तर वर चढायचं.

पायरी ३: त्या आठवड्यात गावात काय चालू आहे आणि काय बंद झालंय

शरद म्हणजे ऑफ सीझन, स्वस्त आणि रिकामं, असं डोळे झाकून धरू नका. शाळा सुरू झाल्यानं फिरणारे कमी होतात हे खरं, पण कॉन्फरन्स आणि ट्रेड फेअरचा हंगामही हाच असतो. ऑक्टोबरमध्ये फ्रँकफर्टला पुस्तकांचं मोठं प्रदर्शन असतं, म्युनिकला ऑक्टोबरफेस्ट हा बिअरचा मोठा उत्सव नाव ऑक्टोबरचं असलं तरी सप्टेंबरच्या मध्यात सुरू होतं, न्यूयॉर्कची मॅरेथॉन नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, चीनमध्ये १ ऑक्टोबरपासून राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा. अशा दिवसांत रूम मिळत नाहीत, मिळाल्या तर किमान इतक्या रात्री घ्याच अशी अट असते. गावाचं नाव आणि महिना टाकून मोठे कार्यक्रम शोधायला पाच मिनिटं लागतात. आणि एकाच हॉटेलची किंमत सलग तीन आठवड्यांची लावून बघा, मधल्याच आठवड्यात उसळी दिसली तर तिथं काहीतरी आहे हे नक्की.

याच्या उलटही होतं. भूमध्य समुद्राकाठच्या बेटांवर, विशेषतः ग्रीसच्या छोट्या बेटांवर, ऑक्टोबर संपला की बरीच हॉटेलं आणि खाण्याच्या जागा बंद होतात, बोटींच्या फेऱ्या कमी होतात. रिकामा समुद्रकिनारा छानच, पण काम करायला गेलेल्या माणसाला रोज दोन वेळचं जेवण आणि परतीची खात्री लागते. रूम देणाऱ्याला सरळ विचारा, आम्ही असू तेव्हा आसपासची किती दुकानं उघडी असतील. अटलांटिकच्या बाजूला कॅरिबियन वगैरे जाणार असाल तर वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो आणि सप्टेंबर त्यातला सगळ्यात जोराचा महिना, तिथं पैसे परत मिळणारं बुकिंगच घ्या, दुसरा विचार नको.

पायरी ४: हॉटेल, फ्लॅट की अजून काही

तीन रात्रींपर्यंत मी हॉटेलच घेते. रिसेप्शनला माणूस असतो, नेट गेलं तर कोणाला तरी सांगता येतं, सकाळचा नाश्ता तयार असतो, आणि कॉल सुरू व्हायच्या आधी चेक-इन नाही झालं तरी लॉबीत बसता येतं. तोटा हा की खोली एकच, बेडवर बसून काम करायची सवय लागते, आणि रूम साफ करायला येणारे नेमके मीटिंगच्या वेळी दार वाजवतात, त्यांना आदल्या दिवशीच वेळ सांगून ठेवायची.

आठवडा किंवा जास्त असेल तर फ्लॅट किंवा सर्व्हिस अपार्टमेंट. सर्व्हिस अपार्टमेंट मला जास्त पटतं, कारण किचन आणि वेगळी खोलीही मिळते आणि खाली कोणीतरी जबाबदार माणूसही असतो. नुसता फ्लॅट घेताना त्या शहराचे नियम बघा. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी घरमालकाची नोंदणी लागते आणि मालकही त्याच घरात राहायला हवा, म्हणजे पूर्ण रिकामा फ्लॅट आठवड्यासाठी कोणी देत असेल तर शंका घ्या. अॅमस्टरडॅममध्ये राहतं घर वर्षातून ठरावीक रात्रीच देता येतं. नियम मालकासाठी असले तरी ऐन वेळी बुकिंग रद्द झालं तर रस्त्यावर तुम्ही येता. लिस्टिंगवर नोंदणी क्रमांक लिहिलाय का एवढं तरी बघाच.

कोलिव्हिंगच्या जागा, जिथं खाली कामाची सामायिक जागा आणि वर खोल्या असतात, एकट्या जाणाऱ्यांना खरंच चांगल्या, संध्याकाळी सातच्या अंधारात बोलायला माणसं मिळतात. फक्त कॉलसाठी बंद केबिन किती आणि माणसं किती हे विचारा. होस्टेलची खासगी खोली दोन रात्रींना ठीक.

पायरी ५: फोटो नीट वाचायला शिका

"डेडिकेटेड वर्कस्पेस" या फिल्टरवर अजिबात विसंबू नका. भिंतीला लावलेली फूटभर रुंदीची फळी, ड्रेसिंग टेबल, बारचं उंच स्टूल, सगळं त्यात बसतं. फोटो मोठा करून खुर्ची आणि टेबल शेजारी ठेवून बघा. कामाचं टेबल साधारण ७२ ते ७५ सेंटिमीटर उंच असतं आणि खुर्चीची बैठक त्याच्या खाली तीस-एक सेंटिमीटर, म्हणजे बसल्यावर मांडी आरामात आत जायला हवी. टेबलाची कड आणि खुर्चीची बैठक यात वीतभरच जागा दिसत असेल तर ते नाश्त्यापुरतं टेबल आहे, आठ तासांचं नाही. खुर्चीला पाठ आहे का, टेबलाजवळच्या भिंतीत प्लग दिसतोय का, टेबलावर दिवा आहे का. फोटो सगळे दिवसाचे असतात आणि तुम्ही चार-साडेचारनंतर दिव्याच्याच उजेडात काम करणार आहात, त्यामुळे छताला एकच पिवळा मंद बल्ब असेल तर दोन दिवसांत डोळे बोलायला लागतात.

खिडकी कुठल्या दिशेला आहे तेही बघा. उत्तर गोलार्धात शरदात सूर्य दक्षिणेकडून आणि खालून जातो, म्हणजे दक्षिणेची खिडकी असेल तर खोली उबदार आणि उजळ राहते, उत्तरेची असेल तर दिवसभर दिवा लावावा लागतो. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी ऊन थेट डोळ्यांवर नाहीतर स्क्रीनवर येतं. टेबल खिडकीला काटकोनात असलं तर सगळ्यात उत्तम. मॅपवर इमारत शोधून, फोटोतली समोरची बिल्डिंग ओळखून दिशा लावता येते, थोडी खटपट आहे पण दहा दिवसांसाठी करण्यासारखी आहे.

आणि रिव्ह्यू वाचताना जुलै-ऑगस्टचे सरळ सोडून द्या. गेल्या वर्षीच्या आणि त्याच्या आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचेच शोधा. उन्हाळ्यात आलेला माणूस "हवेशीर घर" लिहितो, तेच घर नोव्हेंबरमध्ये आलेला "खिडकीतून वारा येतो" लिहितो. रिव्ह्यूच्या सर्चमध्ये थंडी, हीटर, आवाज, वायफाय, टेबल एवढे शब्द टाकले तरी पुष्कळ कळतं. दहा लोकांनी छान म्हटलं आणि एकानं नोव्हेंबरमध्ये गरम पाणी आलं नाही असं लिहिलं, तर मी त्या एकाला जास्त महत्त्व देते.

पायरी ६: थंडी, हीटिंग आणि न वाळणारे कपडे

याला वेगळी पायरी देतेय, कारण हे सगळ्यात कमी विचारलं जातं. बऱ्याच देशांत जुन्या इमारतींचं हीटिंग सामायिक असतं आणि ते ठरलेल्या तारखेलाच चालू होतं, घरमालकाच्या हातात काहीच नसतं. इटलीत तर या तारखा हवामानाच्या विभागांप्रमाणे नियमानं ठरलेल्या आहेत, मिलानच्या विभागात १५ ऑक्टोबर, रोमच्या विभागात १ नोव्हेंबर. म्हणजे थंडी तारखेच्या आठवडाभर आधी आली तर तुम्ही आणि गार रेडिएटर. चालत असताना थंडी वाजत नाही, पण एका जागी चार तास बसून टाइप करताना आधी बोटं गारठतात, मग पाय. एकदा मी तीन दिवस हातमोज्यांची बोटं कापून काम केलंय, शेवटी मालकीणबाईंनी एक छोटा इलेक्ट्रिक हीटर आणून दिला आणि तो टेबलाखाली ठेवल्यावर जीवात जीव आला. म्हणून विचारताना "हीटिंग आहे का" असं विचारू नका, उत्तर हो येतं. "आम्ही असू त्या तारखांना हीटिंग चालू असेल का, ते मला खोलीत कमी-जास्त करता येईल का, आणि नसेल तर वेगळा हीटर मिळेल का" असं विचारा. वीजबिल भाड्यात धरलंय की मीटरप्रमाणे वेगळं, तेही त्याच मेसेजमध्ये.

कपड्यांचं एवढंच की वॉशिंग मशीन आहे वाचून खूश होऊ नका, ड्रायर आहे का बघा. दमट हवेत जीन्स दोन-दोन दिवस ओली राहते आणि खोलीभर ओलसर वास भरतो.

पायरी ७: नेट

एका चांगल्या व्हिडिओ कॉलला जाता-येता प्रत्येकी ३ ते ४ एमबीपीएस पुरतात, त्यामुळे "१०० एमबीपीएस" हा आकडा वाचून भारावून जायचं कारण नाही. तो डाउनलोडचा असतो. कॉलमध्ये तुमचा चेहरा आणि स्क्रीन समोरच्याला पोचते ती अपलोडवर, आणि आवाज तुटतो तो पिंग (सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ) वर-खाली झाल्यानं. मी किमान १० एमबीपीएस अपलोड आणि १०० मिलिसेकंदांच्या आत पिंग धरते, सोबत दुसरं कोणी काम करत असेल तर अपलोड दुप्पट.

स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट मागा, पण टेबलाजवळ बसून घेतलेला, आणि तुमच्या कामाच्या वेळेचा. राउटर हॉलमध्ये आणि टेबल आतल्या खोलीत, मध्ये जुनी दगडी भिंत, अशी घरं खूप असतात. अशा वेळी वायफायच्या दोन नावांपैकी ५ गिगाहर्ट्झवालं भिंतीपलीकडे दम तोडतं आणि २.४ वालं हळू का होईना पण पोचतं. सोबत एक लांब लॅन केबल आणि लॅपटॉपला लागत असेल तर तिचं अडॅप्टर ठेवा, वजन नाही काही. आणि स्वतःचं मोबाइल नेट हवंच. त्या एरियात कुठल्या कंपनीची रेंज आहे हे मालकाला विचारून मग सिम किंवा ईसिम घ्या.

पायरी ८: एकच मेसेज, सगळे प्रश्न

बुकिंगच्या आधी मी साधारण असा मेसेज टाकते, तुम्हाला हवा तसा बदलून घ्या:

"नमस्कार, मी अमुक ते अमुक तारखेला येण्याचा विचार करते आहे. मी घरून ऑफिसचं काम करते, दुपारी दोन ते रात्री दहा कॉल असतात. चार गोष्टी सांगाल का? टेबल आणि खुर्चीचा बाजूनं काढलेला एक फोटो. टेबलाजवळ घेतलेल्या स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट. या तारखांना हीटिंग चालू असेल का आणि खोलीत कमी-जास्त करता येतं का. आणि इमारतीत किंवा शेजारी सध्या काही बांधकाम चालू आहे का. खूप आभार."

उत्तरात काय आलं याच्याइतकंच कसं आलं हेही बघा. दोन फोटो आणि "बांधकाम नाही, पण मंगळवारी सकाळी कचऱ्याची गाडी येते, आवाज होतो" असं कोणी लिहिलं तर डोळे मिटून घ्या ती जागा. "सगळं परफेक्ट आहे, काळजी करू नका" एवढंच आलं तर मी पुढं जाते. आणि हे सगळं साइटच्या चॅटमध्येच करा, फोनवर नको, उद्या वाद झाला तर लेखी असलेलं बरं पडतं.

पायरी ९: बुकिंग करताना

पहिल्यांदाच जात असाल तर पूर्ण महिना एकाच जागी बुक करू नका. आधी चार-पाच रात्री, आवडलं तर तिथूनच वाढवा, शरदात बहुतेक ठिकाणी वाढवून मिळतं, वरचे गर्दीचे आठवडे सोडून. प्रवासाचा दिवस कामाचा ठेवू नका आणि शक्यतो शुक्रवारी किंवा शनिवारी पोचा, म्हणजे नेट किंवा खुर्चीचा घोळ निघाला तर सोमवारपर्यंत निस्तरायला वेळ मिळतो.

ऑफिसच्याच कामासाठी गेलाय आणि पुढचे दोन-तीन दिवस स्वतःचे जोडताय, असं असेल तर बिलं वेगळी करा. हॉटेलला बुकिंगच्या वेळीच दोन वेगळ्या बुकिंग आणि दोन वेगळी बिलं सांगा, नंतर एका बिलातून रात्री वेगळ्या काढणं अकाउंट्सवाल्यांनाही डोकेदुखी आणि तुम्हालाही. ऑफिसचा विमा सुट्टीच्या दिवसांना लागू आहे का हे एचआरला मेलवर विचारून ठेवा. आणि कॉन्फरन्सचं हॉटेल बरेचदा हायवेच्या कडेला किंवा एअरपोर्टजवळ असतं, स्वतःच्या दिवसांसाठी तिथंच थांबू नका, सामान उचला आणि गावात या.

दुसऱ्या देशात जाऊन काम करणार असाल तर व्हिसात काम करायला परवानगी आहे का हे त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवरच बघा, टुरिस्ट व्हिसावर लॅपटॉप उघडणं सगळीकडे चालतंच असं नाही. शेंगेन देशांत (युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) छोट्या मुक्कामाच्या व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, त्यात आधीच्या ट्रिपचे दिवसही मोजले जातात. ऑफिसलाही सांगून जा, डेटा कुठल्या देशातून उघडायचा यावर बऱ्याच कंपन्यांचे नियम असतात.

पायरी १०: पोचल्यावरचा पहिला तास

बॅगा उघडायच्या आधी हे करा. टेबलाजवळ बसून स्पीड टेस्ट. घरच्या कोणाला तरी पाच मिनिटांचा खरा व्हिडिओ कॉल, कॅमेऱ्यात चेहरा दिसतोय का की मागच्या खिडकीमुळं काळा पडतोय. हीटर चालू करून अर्ध्या तासात खोली तापते का. गरम पाणी. टेबलाजवळच्या प्लगमध्ये चार्जर घट्ट बसतो का. खुर्चीवर दहा मिनिटं नुसतं बसा. मग खिडकी उघडून दोन मिनिटं आवाज ऐका.

काही बिनसलं असेल तर लगेच फोटो काढून चॅटवर टाका, तिसऱ्या दिवशी नाही. टेबल बुटकं असेल, दिवा नसेल, खुर्ची डुगडुगत असेल तर मागून मिळतं, लोक खरंच आणून देतात. नेट आणि थंडी मात्र चोवीस तासांत सुटली नाही तर जागा बदला, गेलेल्या पैशांचा हिशोब नंतर. तोपर्यंतच्या कॉलसाठी जवळचं वाचनालय किंवा कोवर्किंगची जागा निघायच्या आधीच मॅपवर सेव्ह करून ठेवलेली असू द्या, तिच्या उघडायच्या वेळेसकट.

आणि हे सगळं आटोपलं की तो उजेडाचा कागद टेबलासमोर भिंतीला चिकटवा, गोल केलेल्या तासांचे अलार्म लावा. मी पहिल्या गटात असले की साडेबाराचा अलार्म लावते, त्याला कॅलेंडरमध्ये "बाहेर" नावाची मीटिंग टाकते म्हणजे तिथं कोणी दुसरी मीटिंग घुसवत नाही, आणि बूट दारातच, लेस सोडून, तयार ठेवते.